त्रेचाळीसपैकी पाच

गेल्या रविवारी गंगापूर रोडच्या हॉलमध्ये तुम्ही मला शाल पांघरलीत, नारळ दिलात, ओळीनं पाया पडलात. १९९४ ची दहावी 'ब'. मिसळ चांगली होती, भाषणं लांबली, कुणीतरी माझ्या 'प्रश्न नीट वाचा'ची नक्कल केली आणि सगळा हॉल हसला. मीही हसले. मग माईक माझ्याकडे आला तेव्हा मी एकच प्रश्न विचारला. ज्यांच्या घरी सत्तरीपुढचे आई-वडील किंवा सासू-सासरे आहेत आणि त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून झालंय, त्यांनी हात वर करा.

तुम्ही त्रेचाळीस जण होतात. हात वर आले पाच. त्यातले दोन, 'कुठे काढलं रे?' म्हटल्यावर हळूच खाली गेले. आईबापाच्या नावावर खोटं बोलायची सवय शाळेत होती, प्रगतिपुस्तकावर सही करताना. पन्नाशीला टेकलात तरी ती गेली नाही.

समारंभात कुणाचा पाणउतारा करू नये म्हणून तिथं गप्प बसले. आता बसणार नाही. हे ग्रुपवर टाका, आणि खाली अंगठा उमटवून मोकळे होऊ नका. वाचा.

विम्याची समज नाही, असं तुमच्याबद्दल कुणी म्हणू शकणार नाही. निफाडकडचा आमचा द्राक्षबागायतदार घ्या. फळपीक विम्याचा हप्ता किती, शेवटची तारीख कोणती, पाऊस किती पडला की भरपाई लागू होते, सगळं तोंडपाठ. छाटणी कोणत्या प्लॉटला कधी झाली तेही सांगतो. वडिलांचं वय विचारलं, तर म्हणतो, 'असेल बाई, पंच्याहत्तर-शहात्तर.' असेल? वेलीचं वय दिवसांवर मोजतोस आणि बापाचं अंदाजे? इंदिरानगरच्या दोघींनी मोबाइलच्या काचेचासुद्धा विमा उतरवलाय. आणि एक महाशय न्यू जर्सीत. तिकडे पासष्टीला मेडिकेअर लागू होतं, त्यातला 'बी' भाग मुदतीत घेतला नाही तर उशिराच्या दर बारा महिन्यांमागे हप्त्यात दहा टक्के वाढ होते आणि ती बहुधा जन्मभर भरावी लागते, हे त्यानं मला फोनवर अर्धा तास समजावलं. शेजाऱ्याचे कागद यानंच भरून दिले म्हणे. उत्तम. मी म्हटलं, तुझी आई इथं पंचवटीत एकटी राहते, तिच्या कार्डाचं काय? फोनवर इतकी शांतता पसरली की मला वाटलं, लाइन तुटली.

आता तिसऱ्या बाकावरच्याबद्दल. नाव घेत नाही, तो ओळखेल. मेळाव्याला आला नव्हता. का आला नाही, ते तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

तो दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला होता. चप्पल दाराबाहेर काढली आणि तिथंच उभा राहिला. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे. मध्यरात्री छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, यानं जवळचं म्हणून एका खाजगी रुग्णालयात नेलं. काउंटरवर विचारलं, 'मेडिक्लेम आहे का?' हा म्हणाला, नाही. कागद पुढे आले, यानं सही केली. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट. बिल पावणेतीन लाख. आईच्या पाटल्या गहाण पडल्या, मेहुण्याकडून उसने झाले, पन्नास हजार कमी पडत होते म्हणून बाईंचं दार. मी पैसे दिले. देताना विचारलं, कार्ड? म्हणाला, 'कसलं कार्ड बाई? ते पिवळ्या रेशनकार्डवाल्यांना असतं ना?'

तेव्हाच त्याचा कान धरायला हवा होता. पण त्याच्या हातात औषधांची पिशवी होती, मी काही बोलले नाही. त्याच्या वाटचं आज तुम्हाला ऐकवते.

'पिवळ्या रेशनकार्डवाल्यांना असतं ना?' यातच सगळी चूक आहे. प्रश्न न वाचता उत्तर लिहायची तुमची जुनी खोड. केंद्रानं आयुष्मान भारतमध्ये सत्तर आणि त्यापुढच्या प्रत्येकाला घ्यायचं ठरवलं ते सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि धन्वंतरी जयंतीला, २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, वय वंदना कार्डं सुरू झाली. प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला. उत्पन्नाची अट नाही. बंगला असो, पेन्शन असो, मुलगा अमेरिकेत असो. कागद एकच, आधार. हप्ता शून्य. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे दाखल होऊन घ्यायचे उपचार, संलग्न रुग्णालयात, पैसे न भरता. आणि नीट ऐका, आधीपासून असलेला आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. बीपी, साखर, जुनं हृदयाचं दुखणं, काहीही. खाजगी कंपनीकडे सत्तरीच्या माणसाचा नवा विमा काढायला गेलात तर जुन्या आजाराला तीन-तीन वर्षं थांबायला लावतात, आणि हप्ता ऐकून तुम्हीच दाखल व्हाल.

स्टेंट या योजनेत बसतात. तिसऱ्या बाकावरच्या वडिलांचे बसले असते. आता तो विचारतो, बिलं जोडून पैसे परत मागता येतील का? नाही, बाळा. ही योजना भरलेलं बिल परत देत नाही. रुग्णालयात पाऊल टाकताना तिचं नाव काढावं लागतं.

यावर तुमच्यातल्या एकीनं मला काय ऐकवावं? 'बाई, आमच्या पप्पांना सरकारी कार्ड घेणं बरं वाटत नाही. आपण काही तसे नाही.' तसे म्हणजे कसे गं? तुझ्या पप्पांनी चाळीस वर्षं कर भरलाय. तू स्वतः आई-वडिलांच्या विम्याच्या नावावर पन्नास हजारांपर्यंतची करसवलत दरवर्षी मागतेस, तेव्हा लाज कुठं जाते? सरकारकडून कागदावर घेतलेलं चालतं, रांगेत उभं राहून घेतलेलं चालत नाही. ऐट आहे नुसती, आणि तिची किंमत मोजणार म्हातारी माणसं.

पाच लाखांचा हिशेबही कुणाला धड सांगता आला नाही. गणित मीच शिकवलंय, म्हणून जास्त लागलं. हे पाच लाख माणशी नाहीत, कुटुंबागणिक आहेत. घरात आई आणि वडील दोघंही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून पाच. पण तुमचं कुटुंब आधीपासूनच आयुष्मान भारतमध्ये असेल, तर ज्येष्ठांना जादा पाच लाख वेगळे मिळतात, त्यात सत्तरीच्या आतल्या कुणाचा वाटा नाही. आणि आधीचं आयुष्मान कार्ड घरात आहे म्हणून गप्प बसू नका. सत्तरी ओलांडली की पुन्हा केवायसी करून वय वंदनाचं कार्ड नव्यानं घ्यावं लागतं. हे न केलेली घरं माझ्या एका गल्लीत तीन सापडली.

सत्तरी कोणती, यावरही बोलते, कारण इथं पाप आमचं आहे. तुमच्या वडिलांच्या पिढीकडे जन्माचा दाखला असायचा कुठं? आजोबा पोराला शाळेत घेऊन यायचे आणि सांगायचे, 'आखाजीच्या आधी झालं, दुष्काळाच्या साली.' गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते बघायचे आणि रजिस्टरात लिहून टाकायचे, १ जून. अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एका दिवशी! नोकरीची दोन वर्षं वाढावीत म्हणून वय कमी लावलेलेही पुष्कळ. तीच तारीख दाखल्यावरून आधारवर गेली. त्यामुळे खरे बहात्तरचे वडील आधारवर एकोणसत्तरचे असतात, आणि योजना आधार बघते, तुमच्या आजोबांचा दुष्काळ नाही. म्हणून आधी आईवडिलांचं आधार हातात घ्या आणि जन्मतारीख वाचा. कमी भरत असेल तर तारखेत खाडाखोड करून देणाऱ्या कुणा दलालाच्या नादी लागू नका. त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे, तोही तुम्हाला ठाऊक नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ अखेर राज्यभर झाली, २०१७ मध्ये फुल्यांचं नाव आलं. आधी ती पिवळ्या-केशरी कार्डांची होती आणि मर्यादा दीड लाखाची. तुमचं ज्ञान तिथंच गोठलंय. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, पांढऱ्या कार्डासकट, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख. इथं वयाची अटच नाही. सत्तरीच्या आतली आई, अडुसष्टचे वडील, सत्तेचाळीसचे तुम्ही स्वतः, सगळे यात.

आता सांगा, तुमचं पांढरं कार्ड कुठंय? त्यावर धान्य मिळत नाही म्हणून गॅसच्या जोडणीनंतर कुणी ते उघडलेलं नाही. ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमखाली, प्लास्टिकच्या पिशवीत असेल. तुम्ही वेगळे राहायला गेलात तेव्हा तुमची नावं त्यातून कमी केलीत, नव्या कार्डावर चढवलीत का? आई माहेरच्या नावानं आधारवर आणि सासरच्या नावानं रेशनकार्डावर, असं तर नाही? काढा, आज संध्याकाळी काढा, आणि आधारशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक असेल तर पुरवठा शाखेत जाऊन दुरुस्त करून घ्या. हे काम रुग्णालयाच्या दारात उभं राहून होत नाही.

माझं स्वतःचं कार्ड कसं निघालं ते सांगते, म्हणजे 'म्हाताऱ्यांना जमत नाही' हे रडगाणं बंद होईल. सेवा केंद्रातल्या पोरीनं यंत्र पुढे केलं. मी अंगठा ठेवला. नाही उमटला. पुसून ठेवला. नाही. तिनं दुसरं बोट घेतलं, मग तिसरं, मग कापड ओलं करून दिलं. चौतीस वर्षं खडू धरलेली बोटं ती, रेषा उरल्यात कुठं? माझ्या मागं सिन्नरकडच्या एक आजी होत्या, भाकऱ्या थापून आणि निंदणी करून त्यांचे तळवे माझ्याहून गुळगुळीत. आम्ही दोघी एकमेकींचे हात बघून हसलो. मग मी चष्मा वर करून त्या पोरीला विचारलं, डोळ्यांनी किंवा चेहऱ्यानं होत नाही का? होतं. ॲपमध्ये ओटीपी, बोट, डोळे, चेहरा, सगळे पर्याय आहेत. पाच मिनिटांत माझं झालं, नंतर आजींचं झालं. आजींचा मुलगा बाहेर गाडीवर बसून फोन बघत होता.

ओटीपीचं तर विचारूच नका. आईच्या आधारला मोबाइल कुणाचा जोडलाय? थोरल्याचा, तो पुण्यात मीटिंगमध्ये. किंवा बंद पडलेल्या जुन्या नंबरचा. तीन-तीन मुलं असलेल्या बाईला स्वतःच्या नावाचा चालू नंबर नसावा?

कार्डाला पैसे लागत नाहीत. घरी येऊन दोनशे-पाचशे घेऊन 'लगेच काढून देतो' म्हणणारे सध्या सिडकोत फिरताहेत. ते फक्त पैसे घेत नाहीत, आधारचा ओटीपीही घेतात. ओटीपी सांगितल्यावर बँकेतून काय काय जातं ते तुमच्याच काकूंना विचारा.

आता त्या तिघांकडे वळते, ज्यांचा हात खरा होता. फार शेफारू नका. कार्ड खिशात आहे म्हणजे झालं, हेही तुमचं अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं. सगळी रुग्णालयं यात नाहीत. जी आहेत, तीही सगळ्या विभागांसाठी असतीलच असं नाही. एखादं हाडांसाठी संलग्न असतं, हृदयासाठी नसतं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेत. आपल्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल असं, हृदयासाठी संलग्न असलेलं रुग्णालय कोणतं, हे आज शोधून ठेवा आणि फ्रिजवर चिकटवा. दुधाचा हिशेब चिकटवता तिथंच. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. डॉक्टरच्याही आधी त्याला गाठायचं. तातडीची वेळ असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर. वरून पैसे मागितले तर त्यालाच विचारा, आणि तो दाद देईना तर १५५३८८ किंवा केंद्राचा १४५५५. हे दोन आकडे पाढ्यांसारखे पाठ हवेत.

आणि रोजच्या गोळ्या? त्या यात नाहीत. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच औषध-तपासण्यांचा खर्च केंद्राच्या योजनेत धरलाय. बीपी-साखरेच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र बघा, आपला दवाखाना बघा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पण 'सरकारी' म्हटलं की तुमची नाकं वाकडी. शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयात हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांचे उपचार होतात. त्या दारावरून तुम्ही मेनरोडला साडी घ्यायला हजार वेळा गेला असाल, आत काय आहे ते विचारलंत कधी? गर्दी असते, हो. रांग असते. गाभाऱ्यासाठी त्र्यंबकला चार तास उभं राहता की नाही?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांच्या वडिलांच्या हाडांची काडं झाली, त्यांच्यासाठी वेगळं. पाच वर्षं तरी ईएसआयसीचा विमा कापला गेला असेल आणि माणूस निवृत्त झाला असेल, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून त्याला आणि बायकोला वैद्यकीय लाभ पुढे चालू ठेवता येतो. महिन्याला दहा रुपये! तुमच्यातल्या सहा जणांचे वडील मला माहीत आहेत, त्यातल्या एकालाही हे कुणी सांगितलं नव्हतं. ईएसआयसी असलेल्यांना वय वंदना कार्डही मिळतं, खाजगी विमा असलेल्यांनाही मिळतं. देवळालीच्या निवृत्त फौजींचं मात्र तसं नाही. माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस ज्यांना आहे, त्यांना ती सोय किंवा आयुष्मान, दोन्हींतलं एक निवडावं लागतं. ईसीएचएसमध्ये रोजची औषधंसुद्धा मिळतात. तेव्हा शेजाऱ्यानं काढलं म्हणून आपणही काढू, हा उद्योग तिथं करू नका.

धर्मादाय रुग्णालयांचंही ऐकून ठेवा. विश्वस्त संस्थेची मोठी रुग्णालयं असतात, त्यांना दहा टक्के खाटा अगदी निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तुमच्या घरच्या धुणंभांडीवाल्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनला हे सांगा. त्यांना कुणीच सांगत नाही, आणि तुम्हाला दिवाळीच्या बोनसपलीकडे सुचत नाही.

एवढं ओरडून झालं तरी तुमच्यातला एक म्हणणारच आहे, 'बाई, वेळच मिळत नाही.' कुंभमेळ्याला तपोवनाकडच्या जागेचे भाव किती चढतील यावर ग्रुपवर दोनशे मेसेज आलेत. मी मोजलेत. वेळ आहे.

तिसऱ्या बाकावरच्याचं कळवायचं राहिलं. गेल्या गुरुवारी तो वडिलांना घेऊन सेवा केंद्रात गेला. आधारवर १ जूनच निघाली, पण साल बरोबर होतं. कार्ड निघालं. तिसऱ्या महिन्यात पुन्हा दाखवायला बोलावलंय, काही करावं लागलं तर या वेळी संलग्न रुग्णालयात. पाटल्या अजून पतपेढीतच आहेत. त्या सोडवायला कुणाला हातभार लावायचा असेल तर मला न विचारता, त्याला न सांगता लावा.

येत्या रविवारी मी दिवसभर घरी आहे. जन्मतारखेचा, नावाचा, रेशनकार्डाचा घोळ असेल त्यांनी यावं, चहा मिळेल. शाल आणू नका, माझ्याकडे बावीस आहेत. आईवडिलांना आणा, आणि रेशनकार्डाची मूळ प्रत. झेरॉक्स चालणार नाही.